दुकानात पाहायचे आणि ऑनलाइन मागवायचे: यात काही गैर आहे का?

निळीशाई:

गेल्या महिन्यात आईसाठी चालण्याचे बूट घ्यायचे होते. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचे हाड बाहेर आले असल्यामुळे तयार बूट तिला सहसा बसत नाहीत, म्हणून मी तिला मुद्दाम एका जुन्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी तिला खुर्चीवर बसवले, दोन्ही पाय वेगवेगळे मोजले, मापे वहीत लिहून घेतली आणि एकामागून एक सहा जोड काढून, प्रत्येक वेळी तिला दुकानभर चालायला लावून, बूट कुठे दाबतो हे बोटाने चाचपून पाहिले. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि चौथा जोड अगदी हवा तसा बसला. “विचार करून सांगतो,” असे म्हणून आम्ही बाहेर पडलो. त्याच जोडाचा क्रमांक मी रस्त्यातच फोनवर शोधला, तेव्हा तो दुकानातल्यापेक्षा एक पंचमांशाने स्वस्त दिसला आणि मी तो तिथल्या तिथे मागवून टाकला.

बूट वेळेवर आले आणि आई ते रोज घालते. मात्र त्या दुकानावरून जाण्याची वेळ आली की मी पलीकडच्या पदपथावरून जाते. पैसे वाचवण्यात मी काही चूक केली असे मला वाटत नाही, पण त्या पाऊण तासाचे मोल कुणीच दिले नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. कोणती खरेदी ऑनलाइन करावी आणि कोणती दुकानात, याचा काही निकष तुम्ही ठरवला आहे का? आणि दुकानात पाहून दुसरीकडून मागवणे तुम्हाला योग्य वाटते का?

अनुस्वार:

तुमच्या पहिल्या प्रश्नाला अर्थशास्त्रात एक जुने आणि उपयोगी उत्तर आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले: ज्यांचा दर्जा विकत घेण्यापूर्वी पाहून किंवा चौकशी करून कळतो अशा, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यावरच कळतो अशा. छापील पुस्तक, प्रिंटरची शाई किंवा ठरावीक क्षमतेचे मेमरी कार्ड कुठूनही घेतले, तरी माल अस्सल असेल तर वस्तू तीच असते. तिथे किंमत आणि विक्रेत्याची विश्वासार्हता एवढेच पाहायचे असते, आणि ते काम पडद्यावर उत्तम होते. उशी, खुर्ची, चष्म्याची चौकट आणि बूट यांचे तसे नाही, कारण त्यांचा दर्जा वस्तूत जितका असतो तितकाच तो आपल्या शरीराशी जुळण्यात असतो.

बुटाच्या क्रमांकाचेच पाहा. ब्रिटिश पद्धतीत एका क्रमांकाने लांबी इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर वाढते, तर युरोपीय पद्धतीत ती सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर वाढते. या दोन पट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, म्हणूनच निरनिराळ्या कंपन्यांचे रूपांतराचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय हा क्रमांक मुख्यतः लांबीबद्दल बोलतो. पंजाची रुंदी, चवड्याची उंची आणि टाचेची पकड यांबद्दल तो जवळपास मुका असतो. तुमच्या आईंचा प्रश्न नेमका रुंदीचा होता. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, त्यामुळे माप त्या वेळी घ्यावे, हेही अनुभवी विक्रेताच सांगतो.

म्हणून माझ्या मते तुम्ही त्या दुकानातून बूट घेतला नाहीत, पण ‘चौथा जोड’ ही माहिती घेतलीत, आणि सगळ्या व्यवहारात मिळायला सर्वांत अवघड गोष्ट तीच होती.

पायवाट:

मी वीस वर्षे कापडाच्या दुकानात गल्ल्यापलीकडे उभा राहिलो आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूचे असेल, पण ते मनापासून मांडतो.

गिऱ्हाईक पाहून परत जाते याचे कोणत्याही दुकानदाराला वाईट वाटत नाही, आणि वाटत असेल तर त्याने हा व्यवसाय करू नये. एकेकाळी दुकानात पाऊल टाकणे म्हणजे काहीतरी घेण्याचे बंधन मानले जात असे. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तिद बुसिको यांनी ‘ल बाँ मार्शे’ हे दुकान वाढवले, तेव्हा मोकळा प्रवेश, वस्तूवर लिहिलेली एकच किंमत आणि न आवडल्यास माल परत घेण्याची तयारी या गोष्टी त्यांच्या यशाचा पाया ठरल्या. पाहून निघून जाण्याचे स्वातंत्र्य दुकानांनीच गिऱ्हाइकाला दिले आहे आणि ते त्याच्याकडेच राहिले पाहिजे.

खटकते ते वेगळेच. कापड दाखवणे म्हणजे काय, हे बाहेरून दिसत नाही. ताग्यामागून तागा उलगडायचा, विण दिसावी म्हणून कापड उजेडासमोर धरायचे, ट्यूबलाइटखाली निळे दिसणारे कापड उन्हात जांभळट दिसेल हे माहीत असल्यामुळे ते गिऱ्हाइकाबरोबर दारापर्यंत न्यायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर ते सगळे तागे घडी न मोडता पुन्हा गुंडाळून जागच्या जागी लावायचे. प्रत्येक रंग आणि प्रत्येक माप हाताशी ठेवण्यात भांडवल अडकते, आणि अगदी लहान व अगदी मोठी मापे तर कधी कधी वर्षभर हलत नाहीत. मालाच्या किमतीत हे सारे मिसळलेले असते. घ्यायचे दुसरीकडूनच असे आधी ठरवून कुणी हे सगळे करायला लावत असेल, तर ते मला योग्य वाटत नाही.

तुमचे तसे नव्हते. तुम्ही घेण्यासाठी गेला होतात आणि नंतर मन बदलले. पण फोनवर दिसलेली किंमत तुम्ही आत परत जाऊन त्यांना दाखवायला हवी होती. दुकानदाराला कदाचित तितके उतरता आले नसते, पण निम्मा फरक त्याने सोडला असता, आणि नसता सोडला तर तुम्ही मोकळ्या मनाने निघू शकला असता.

दुपारचे ऊन:

वरचे दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, पण दोघांनीही दुकानात जाता येते असे गृहीत धरले आहे. मी चाकांची खुर्ची वापरते. माझ्या बाबतीत दुकान दारातल्या पायरीपाशीच संपते. पायरी कुणाच्या मदतीने ओलांडली, तर दोन मांडण्यांमधली वाट अरुंद असते. तीही पार केली, तर विक्रेता माझ्या डोक्यावरून माझ्या भावाला विचारतो, “यांना कोणता रंग हवा आहे?” घरी बसून मी सगळे रंग स्वतः पाहते, माहिती सावकाश दोनदा वाचते आणि निर्णय माझा मी घेते. हा मला सोयीपेक्षा सन्मानाचा प्रश्न वाटतो.

ऑनलाइन खरेदीच्या जन्मकथेतही ही बाब आहे. मायकेल ऑल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये घरगुती दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडून दाखवला, आणि १९८४ मध्ये गेट्सहेड येथे ७२ वर्षांच्या एका बाईंनी त्याच तंत्राने घरातून किराणा मागवला. ती योजना वृद्धांसाठी आणि घराबाहेर पडणे कठीण असलेल्यांसाठी होती. त्यामुळे ऑनलाइन खरेदी म्हणजे केवळ आळस आणि स्वस्ताई, असे कुणी म्हणाले की मला वाईट वाटते.

अर्थात तिच्यातली अडचणही मी सोसली आहे. खुर्चीत ठेवण्याची एक गादी मी मागवली होती. वर्णनात ‘मध्यम घट्ट’ असे लिहिले होते, पण तासाभरात तिच्यातून खुर्चीचा सांगाडा टोचू लागला. ती परत करण्यासाठी पुन्हा बांधून कुठेतरी पोहोचवावी लागणार होती, म्हणजे ज्या कामामुळे मी दुकानात जात नाही तेच काम उलट दिशेने करावे लागले. युरोपीय संघात २०१४ पासून दूरस्थ खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, कारण ग्राहकाने वस्तू हाताळलेली नसते. अनुस्वार यांनी सांगितलेला फरक तिथे कायद्यानेच मान्य केला आहे. मात्र रद्द करण्याचा हक्क आणि पार्सल उचलायला दारात येणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परतीची वस्तू घरून नेतात की नाही, हे मी आता किमतीच्याही आधी पाहते.

निळीशाई:

सर्वांचे आभार. दुपारचे ऊन, विक्रेता तुमच्या डोक्यावरून बोलतो हे वाचून मी बराच वेळ थांबले होते, कारण त्या दिवशी दुकानात आईला काय हवे ते मीच सांगत होते आणि दुकानदार मात्र प्रत्येक वेळी तिलाच विचारत होते.

पायवाट यांचा प्रतिसाद वाचून काल मी आईला घेऊन त्या दुकानात गेले. बूट दुसरीकडून मागवल्याचे मी त्यांना सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग आईकडे वळून त्यांनी विचारले, “हाडावर दाबतो का?” थोडा दाबतो, असे ती म्हणाली. त्यांनी उजव्या बुटाची नाडी पूर्ण काढली, हाडाजवळचे एक छिद्र मोकळे सोडून ती पुन्हा ओवली आणि आईला चालायला लावले. मी पैसे विचारले, तर त्यांनी घेतले नाहीत. घरात घालण्याच्या चपला आम्ही तिथूनच घेतल्या. फोनवर किंमत पाहिली नाही. निघताना दारातल्या पायरीकडे माझे पहिल्यांदाच लक्ष गेले आणि तिथे उतार करता येईल का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी ती हाताच्या वितीने मोजली. दोन विती भरली.