एमजीबी कुणी संपवली : अमेरिकी नियमांनी की खुद्द मालकांनी?

ॲबिंग्डनप्रेमी :
ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं : अमेरिकेने सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक केले आणि धंदा बसला. एमजी कंपनीच्या एमजीबी या गाडीपुरतं तरी मला हे साफ नामंजूर आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेतच खपला. एवढं गिऱ्हाईक हाताशी असताना मालकांनी काय केलं? १९६८ला विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड ही मोठी मोटार कंपनी झाली, एमजी आणि तिची प्रतिस्पर्धी ट्रायम्फ एका छताखाली आल्या, आणि नव्या गाडीचा सगळा पैसा ट्रायम्फच्या टीआर७ या स्पोर्ट्स गाडीकडे गेला. ती लिव्हरपूलच्या स्पीकला बनायची. संप आणि ढिसाळ बांधणी यांनी तिचं नाव खराब झालं. १९७८ला तो कारखाना बंद पडला, गाडी कॉव्हेंट्रीला नेली, तिथून सोलिहलला. या हलवाहलवीला पैसे होते, एमजीबीला नवं इंजिन द्यायला नव्हते! शेवटी १० सप्टेंबर १९७९ला ॲबिंग्डन बंद करायची घोषणा झाली. कामगारांनी कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा नुकताच साजरा केला होता. त्या माणसांशी असं वागायला नको होतं.

ताळेबंद :
माणसांबद्दल म्हणता ते मान्य, पण हिशेब बघा. १९७६च्या अखेरीस पौंड १.६० डॉलरच्या आसपास होता, १९८०ला २.३०च्या वर गेला. डॉलरमध्ये विकणाऱ्याचं त्यात कंबरडंच मोडतं. एका गाडीमागे ९०० पौंडांचा तोटा होतो, असं कंपनी सांगत होती. शिवाय ॲबिंग्डनमध्ये फक्त जुळणी व्हायची. बॉडी स्विंडनहून यायची, इंजिन कॉव्हेंट्रीहून. गाडी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर माणसं हाताने ढकलत न्यायची. पैसे वाचवायचे तर असाच कारखाना आधी बंद होतो. १९८०ला ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने तो घ्यायचा प्रयत्न केला, पण पैसा उभा राहिला नाही. धंद्यात दम असता तर उभा राहिला असता.

क्लचप्लेट :
नियमांना इतकं सहज सोडू नका. १९७४ला बंपरसाठी काळं रबर आलं, अमेरिकी नियमात बसवायला गाडीची उंचीही वाढवली, आणि वळणावर ती कलू लागली. पुढे अमेरिकेच्या गाड्यांना इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण सोडणारे कार्बुरेटर दोनऐवजी एकच राहिला. मूळचं ९५ हॉर्सपॉवरचं इंजिन पार मरगळलं. अशी गाडी आणखी किती वर्षं चालवणार होते?

ॲबिंग्डनप्रेमी :
म्हणूनच तर नवं इंजिन हवं होतं, आणि ते घरातच होतं! ब्रिटिश लेलँडच्याच रोव्हरचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. त्याचं वजन एमजीबीच्या बिडाच्या इंजिनापेक्षा जास्त नव्हतं. १९७३ला एमजीबी जीटीत, म्हणजे एमजीबीच्या बंद छताच्या प्रकारात, ते बसवलंसुद्धा. १९७६पर्यंत २,५९१ गाड्या झाल्या, पण अमेरिकेत ती विकायला काढलीच नाही. आता हा निर्णय कुठल्या नियमाने घ्यायला लावला?

आणि दम नव्हता म्हणता, तर १९९२ची एमजीची आरव्ही८ घ्या. एमजीबीच्याच जुन्या साच्यांवरची बॉडी, आत व्ही८. सुमारे २,००० गाड्या बनल्या, बहुतेक जपानने उचलल्या.

ताळेबंद :
हौशी लोकांनी घेतलेल्या २,००० गाड्या कुठे, आणि ॲबिंग्डनला जगायला लागणारा वर्षाला पंचवीस-तीस हजारांचा खप कुठे? आरव्ही८चा दाखला मला पटत नाही. व्ही८ अमेरिकेला न पाठवणं मात्र चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने.

क्लचप्लेट :
खप नव्हताच कसा म्हणता? १९८९ला माझदाने एमएक्स-५ आणली : दोन सीटा, उघडं छत, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी. नियम तेव्हाही होतेच. उंची आणि बंपरचं माझं म्हणणं कायम आहे, पण जुनी गाडी ओढत बसायचं की नवी बनवायची, हे मालकच ठरवतो.

ॲबिंग्डनप्रेमी :
आणि एमजी नावाला बाजारात किंमत आहे हे त्या मालकांना पक्कं ठाऊक होतं. ऑक्टोबर १९८०ला ॲबिंग्डनला टाळं लागलं, आणि १९८२ला एमजीचा अष्टकोनी बिल्ला त्यांनी ऑस्टिन मेट्रो या साध्या छोट्या गाडीवर लावून विकला.