प्रतिसाद: वर्गणी तोडली की संशोधन थांबतं?

‘जर्नलची वर्गणी बंद केली तर संशोधकांचे हाल होतील,’ असं वरच्या लेखात म्हटलंय (जर्नल म्हणजे शोधनिबंध छापणारं नियतकालिक). थोडे हाल होतात, खरंय. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बघा. एल्सेव्हिअर या बड्या जर्नल-प्रकाशकाला वर्षाला साधारण १.१ कोटी डॉलर मोजूनही त्यांच्याच प्राध्यापकांचे बरेच लेख कुलपात, म्हणजे वर्गणीदारांपुरतेच. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यांनी एल्सेव्हिअरशी बोलणी तोडली, जुलैत त्यांना नवे अंक मिळणं बंद झालं. तरी मंडळी नेटाने थांबली आणि मार्च २०२१मध्ये करार झाला: वाचायलाही मिळणार आणि विद्यापीठातल्यांचे लेख जगाला खुलेही राहणार.

अडलं तर मी सरळ लेखकालाच दोन ओळींची मेल टाकते. बहुतेकदा पीडीएफ येते, वर आभारही! लेखकाला त्या वर्गणीतला एक पैसा मिळत नसतो.

मला खटकतं ते वेगळंच. ‘नेचर’ या नामांकित जर्नलने २०२१पासून लेख सगळ्यांना खुला ठेवायचे ९,५०० युरो लावले, तेही वाचकाला नाही, लेखकाच्या बाजूला. दुकान तेच, गल्ला फक्त दुसऱ्या दाराशी. आपल्या केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनाही तीन वर्षांना ६,००० कोटींची वर्गणीच आहे. सरकारी कॉलेजांची सोय झाली, उत्तम. पण त्याला मुक्त प्रवेश (ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणं) म्हणू नका. संस्थेबाहेरच्याला कुलूप तसंच आहे.