पाठ झालेल्या वचनात कुठे अडखळलात? – सोलापूरकरांसाठी अनुभव धागा

बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मला सात वर्षांची असल्यापासून पाठ आहे. शब्बाथ शाळेत न अडखळता म्हटलं म्हणून कंपासपेटी मिळाली होती. तोटा असा झाला की पुढची तीस वर्षं मी ते वाचलंच नाही. डोळे ओळींवरून फिरायचे, तोंड आपोआप चालायचं.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्याच्या बाकावर अक्कलकोटकडच्या एका मावशींनी ते कानडीतून म्हटलं. ‘यहोवनु ननगे कुरुबनु’, म्हणजे यहोवा माझा मेंढपाळ आहे. कुरुब! मराठीतला मेंढपाळ माझ्यासाठी नाताळच्या नाटकातला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कुरुब म्हणजे मात्र आपला धनगर. खांद्यावर घोंगडी, मागे कुत्रं, पाण्यासाठी महिनोनमहिने घराबाहेर. घरी येऊन मराठीतलं स्तोत्र काढलं तर तिथं ‘तुझी आकडी व तुझी काठी’. आकडी! बाभळीची फांदी खाली ओढून शेळ्यांपुढे पाला पाडतात ती. (मूळ हिब्रूत सोटा आणि टेकायची काठी असे दोन शब्द आहेत, हे पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं. म्हणजे पाल्याचं चित्र मराठीचं आहे, स्तोत्र रचणाऱ्या दाविदाचं नाही. तरी मला ते सोडवत नाही.)

तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. प्रवचन नको. कुठला उतारा, कुठे होतात आणि काय दिसलं, एवढंच.

अक्कलकोट रोडवरून, चाळीस वर्षं मागावर

मी चादरीच्या कारखान्यात होतो, आता गुडघ्यांमुळे घरी. ईयोबाच्या पुस्तकात सातव्या अध्यायात तो म्हणतो की माझे दिवस धोट्यापेक्षा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) वेगाने धावतात आणि आशेवाचून संपतात. हे वचन मी अंत्यविधीला इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ ‘आयुष्य लहान आहे’ एवढाच उरला होता. धोटा वेगात जातो, हे आम्हाला कुणी सांगायला नको. कान गेले त्याच्या आवाजानं.

पण एका अभ्यासवर्गात कळलं की तिथं ‘आशा’ म्हणून जो हिब्रू शब्द आहे, तिक्वा, त्याचा दुसरा अर्थ दोरा. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला लाल दोरी बांधते, तिथंही तोच शब्द. मी वर्गात उठून म्हणालो, ‘ओ साहेब, मग ईयोब कांडी संपल्याचं बोललालाय की!’ धोट्यातली कांडी, म्हणजे गुंडाळलेला धागा, संपली तर धोटा इकडून तिकडे जाऊ शकतो, माग खडखडतो, पण कापड एक बोटभर पुढे सरकत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं काम चालू आहे. बायको गेल्यानंतरचं माझं वर्ष तसंच होतं. सकाळी उठायचो, चहा प्यायचो, चौकात जायचो. धोटा चालू, धागा नाही.

ईयोब मरणाबद्दल बोलतोय असं मला आता वाटत नाही. तो जगण्याबद्दलच बोलतोय.

वरच्या मामांना, एक टेलर

मामा, मीपण कापडातलाच. शाळेचे युनिफॉर्म शिवतो. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात शिपाई येशूच्या कपड्यांचे चार वाटे करतात, पण अंगरख्याला शिवण नाही, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला आहे, म्हणून तो न फाडता चिठ्ठ्या टाकतात. माणसाला खिळे ठोकताना हात थरथरला नाही, कापडाला कात्री लावताना जीव वर आला. हे वाचल्यापासून मी गिऱ्हाइकावर ओरडताना जरा थांबतो. रोज जमत नाही.

मंगळवेढ्याची सून, आता सोलापुरात

रूथच्या, म्हणजे सासूची साथ न सोडणाऱ्या विधवा सुनेच्या, गोष्टीवर आमच्या महिला मंडळात दरवर्षी एकदा तरी बोलणं होतं, आणि दरवर्षी सासू-सुनेच्या प्रेमावरच होतं. मला त्यात शेत दिसायचं. ज्वारी निघाली की मागे पडलेली कणसं वेचायला आई मला न्यायची. त्याला सरवा म्हणतात आणि मराठी शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्ये, तोच शब्द आहे. सरवा वेचणाऱ्या बाईची मान खाली असते ती फक्त कणसं शोधायला नाही. बांधावर मुकादम उभा असतो. कुणी काय बोलेल, कुणी अंगावर हात टाकेल, याची धास्ती पोटात घेऊनच वेचायचं.

मागच्या सुगीत दुसरा अध्याय पुन्हा वाचला तेव्हा रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते त्या बवाजाचं बोलणं क्रमानं दिसलं. आधी तो तिला सांगतो की तुला हात लावू नका अशी गड्यांना ताकीद दिलीय. मग पाण्याचं. जेवणाचं त्याच्याही नंतर. या माणसाला शेतात बाईला आधी कशाची भीती असते ते ठाऊक होतं! आणि पुढे गड्यांना तो हळूच सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पाडत जा. तिला कळू न देता. हातात दिलं असतं तर ती भीक झाली असती. खाली पडलं म्हणून तो तिचा सरवा राहिला. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, सरवा गोळा करू नका असा नियम आहेच. पण नियम पाळणारा कोपरा सोडून घरी जातो. हा त्याच्याही पुढे गेला.

दुपारी तिला भाजलेले दाणे मिळाले, पोटभर खाऊन उरले, ते तिनं सासूसाठी नेले. आमच्याकडे हुरड्याचं तसंच. चार दाणे पदराला बांधल्याशिवाय कुणी उठत नाही.

हद्दवाढ भागातून

थोडक्यात लिहिते, नळाला पाणी यायची वेळ झालीय. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी रात्री दोनला. योहान चार, विहिरीवर येशूला भेटलेली शोमरोनी बाई. ती भर दुपारी आली म्हणजे बदनाम होती, असं लहानपणापासून ऐकलं. वचनात असं कुठंच लिहिलेलं नाही! पाणी संपलं की बाई वेळ बघत नाही. मला मात्र अठ्ठाविसावी ओवी खटकते: ती घागर तिथंच टाकून गावात गेली. भरलेली की रिकामी, ते लिहिलेलं नाही. मी घागर सोडून जाईन असं कारण अजून तरी मला सापडलेलं नाही.

(धागाकर्ती: यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण वचनाला ‘ओवी’ म्हणणं फार आवडलं.)

पुण्याहून, मूळचा सोलापूरचा

यिर्मया 29:11. घरोघरी कॅलेंडरवर असतं ते, हिताचे संकल्प, आशादायक शेवट. आईनं माझ्या बॅगेत चिकटवून दिलं होतं. दोन नोकऱ्या गेल्यावर एकदा हुतात्मा एक्सप्रेसमध्ये रागानं आख्खा अध्याय वाचला. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत! हे बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्यात आधी सांगितलंय की लवकर परत यायचं विसरा. घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात पाठवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. मग गाडी केडगाववरून गेली. तिथंच पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून शास्त्र साध्या मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, ग्रंथ 1924 साली निघाला. त्यांनी सगळा ग्रंथ असा हातात धरलाच नसणार. अकरावं वचन त्या दिवशी जरा वेगळं वाचलं. पुण्यातल्या कुंडीत कढीपत्ता लावलाय. सध्या एवढंच.

विजापूर रोड

तुम्हा सगळ्यांना नवीन अर्थ सापडतायत, माझ्या बाबांना सगळंच नवीन आहे. विस्मरणाचा आजार आहे. चाळीस वर्षं मंडळीत शास्त्रवाचन केलेला माणूस. रोज संध्याकाळी मी लूक चोवीस वाचते, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना येशू भेटतो आणि ते त्याला ओळखत नाहीत, ती गोष्ट. कारण तेवढंच त्यांना शेवटपर्यंत बसवतं. ते दोघं जण गावाजवळ येतात आणि येशू पुढे जायचं दाखवतो, तिथं बाबा रोज मला थांबवतात. रोज तोच प्रश्न, तीच काळजी: ‘मग? गेला का तो पुढं?’

मी विचारते, ‘काय करूया बाबा?’

‘अंधार पडलालाय की. राहू दे त्याला. दोन भाकरी जास्त टाक.’

मग पुढचं वचन वाचते.