सेमी-ऑटो एसी: अर्ध्या रस्त्यात हवा कोमट काहून होते?

वावरवाला_घाटंजी:
भाऊ, सेकंडहँड गाडी घेतली. एसीच्या नॉबवर निळा-लाल पट्टा नाई, १८ ते ३० आकडे हायेत, पंखा मात्र आपल्यालेच फिरवा लागते. २५ वर ठेवून यवतमाळले निघालो का आधी थंडगार, मंग अर्ध्या रस्त्यात कोमट हवा याले लागते. मेकॅनिक म्हनते गॅस उतरला, भरून घ्या. भरू का? अन् मागं बसलेली माय म्हनते मले तं काहीच लागून नाई रायलं.

पाना_पक्कड_वणी:
गॅस भरू नका इतक्यात. हे सेमी-ऑटो हाय, म्हंजे थंड-गरम गाडी सोता सांभाळते, पंखा मात्र तुमी. साध्या एसीत नॉब फिरवला का आतला एक फ्लॅप हालते, थंड झालेली हवा हीटरच्या कॉइलवरून किती न्यायची ते त्याच्यावर ठरते, अन् हीटरमंदी इंजिनचंच गरम पानी फिरते. तुमच्या गाडीत तोच फ्लॅप बारकी मोटर फिरवते. स्टेअरिंगजवळ डॅशबोर्डले छोटी जाळी असंल पाहा, तिच्या मागं गाडीतली गरमी मोजनारा सेन्सर हाय. आत २५ झाले का थोडी गरम हवा मिसळते, म्हनून कोमट. नॉब पार खाली आना, आतली हवा फिरवायचं बटन दाबा, गाडी चालू रस्त्यावर पाहा. बर्फावानी हवा आली तं गॅस ठीक. तरीबी कोमटच, तं मंग गॅस, कंडेन्सर (गॅस थंड करनारी पुढची जाळी), नाईतं फ्लॅपची मोटर अडकली.

दारव्हेकर:
वरचं बरोबर. पण लोक पंखा १ वर ठेवून नॉब १८ वर नेतात न, त्यानं काही लवकर थंड होत नाही, तापलेल्या गाडीत २५ वर पण फ्लॅप पूर्ण थंडाकडेच असतो. लवकर पाहिजे तर पंखा वाढवा, ते काम सेमी-ऑटो करत नाही, फुल-ऑटो करते. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ असतं, आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या. आईचं म्हणाल तर सेन्सर पुढं आहे, त्याच्याजवळ २५ झाले की त्याचं समाधान, मागं कोण घामाघूम आहे त्याला काय माहीत. हवा येते त्या मधल्या जाळ्या वरच्या बाजूनं मागं वळवा, पंखा ३ वर अन् नॉब २२ वर.

पाना_पक्कड_वणी:
सेन्सरची जाळी ब्रशनं साफ करजा. जिनिंगच्या रोडवरच्या गाड्यांत तिथं रुई अन् धूळ बसते, मंग तो चुकीचं मोजते. केबिन फिल्टरबी पाहून घेजा.

वावरवाला_घाटंजी:
पार खाली टाकून पाह्यलं, बोटं गारठली. गॅस कॅन्सल. जाळी गजानन महाराजाच्या फोटोमागं दबून होती, फोटो मधात घेतला. हिवाळ्यात काचेवर आतून वाफ धरते तवा एसी बंद कराचा का?

दारव्हेकर:
नाही, चालूच ठेवा अन् नॉब २६-२७ वर. एसी ओलावा काढतो, हीटर काच गरम करतो. फक्त आतली हवा फिरवायचं बटन तेव्हा बंद.