शुद्ध लिहिलेला मेसेजही खोटा असू शकतो
फसवणुकीच्या मेसेजबद्दल नेहमी सांगतात की शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की मेसेज खोटा समजावा. पूर्वी ठीक होतं, आता हे भामटे आपल्यापेक्षा शुद्ध लिहितात! पाठवणाऱ्याच्या नावावरही जाऊ नका. ते नाव नकली लावता येतं, आणि फोन एकाच नावाचे मेसेज एकत्र दाखवतो. त्यामुळे खोटा मेसेज थेट बँकेच्या खऱ्या मेसेजखाली येऊन बसतो. मी तिथेच फसता फसता वाचलो. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा (//) सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा. 'बँकेचं नाव डॉट खाते-तपासणी डॉट कॉम' असेल, तर साइट 'खाते-तपासणी'वाल्याची, बँकेची नव्हे. आणि ते 'सॉरी, चुकून मेसेज आला' म्हणत गप्पा सुरू करणारे? त्यांना उत्तरच देऊ नका. नंबर चालू आहे एवढं कळलं तरी त्यांचं अर्धं काम होतं.