तंबोऱ्याची जवारी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आजीचा मिरजेचा तंबोरा सोळा-सतरा वर्षं गवसणीत होता. गेल्या महिन्यात बाहेर काढला, चारही तारा नव्या घातल्या. भोपळ्याला कुठे तडा नाही, खुंट्याही नीट धरतात. माझा स्वर काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी). पण पंचम आणि जोडाच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा अगदी मुक्या वाजतात, जवारी म्हणजे तारेचा तो झणकारता, भरीव नाद येतच नाही. तारेखालचा दोरा घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) वरखाली सरकवून पाहिला, जाड-बारीक बदलूनही पाहिला. खर्ज (खालच्या षड्जाची तार) तेवढा थोडा बोलतो. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने घोडी घासून दिली आणि आवाज आणखीच चपटा झाला. तेव्हापासून कुणाच्या हातात द्यायला धीर होत नाही.

इतकी वर्षं रोज पहाटे मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज केला. सोय आहे, नाकारत नाही. पण आजी तंबोरा छेडायची तेव्हा खर्जातून आपोआप गंधार ऐकू यायचा, तो मला मोबाइलमधून कधीच तसा मिळाला नाही. त्या गंधारावर आवाज टेकवून गाण्यात जे सुख आहे, ते मला परत हवं आहे.

जुन्या, घासलेल्या घोडीवर पुन्हा जवारी निघते का, की घोडीच बदलावी लागेल? बदलली तर मूळ आवाज कितपत राहतो? मी नाशिकला असते. मिरजेला घेऊन जायची तयारी आहे, पण एसटीने नेताना भोपळा कसा जपायचा? ज्यांनी स्वतः जवारी करून घेतली आहे त्यांनी कृपया अनुभव सांगा, किती दिवस लागले तेही.