खडीखालची जमीन
ॲरिझोनातल्या वाळवंटात नुसती खडी, तिथे गुरं काय चरणार, असं कुणीतरी विचारलंय. पण ती जमीन मेलेली नाही हो! टूसान शहराजवळ मी तिथला एक गोटा उचलून पाहिला. वरून तपकिरी, खालून चुन्याचा पांढरा थर. लिंबू पिळलं तर हलकेच फसफसतो. पाऊस वर्षाला जेमतेम 300 मिमी, त्यामुळे चुना धुऊन जात नाही, खाली साचून दगडासारखा घट्ट होतो. तिकडे त्याला 'कलीची' म्हणतात. पाणी आणि मुळं दोन्ही तिथेच अडतात.

वरची खडी मात्र राखणदार आहे. तिच्यामुळे माती वाऱ्यावर जात नाही, ओलही थोडी टिकते. खुरांनी ती विस्कटली की खालची भुसभुशीत माती वावटळीत उडालीच म्हणून समजा.